खोडदची जाळी आणि आकाशातला प्लाझ्मा

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावापासून पूर्वेला गेले की खोडद हे जुन्नर तालुक्यातले गाव लागते. या गावाच्या शिवारात आणि आसपासच्या टापूत तारेच्या जाळीच्या तीस प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या शाळांच्या सहली येथे येतात. या यंत्राला सगळे 'दुर्बीण' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण या दुर्बिणीला डोळा लावायची जागा नाही, काच नाही, नळीही नाही. त्यामुळे मुले दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, नुसत्या भोकाभोकांच्या जाळीने आकाश कसे 'दिसते'? आणि दुसरा, एवढे मोठे यंत्र आपल्याच तालुक्यात का आणले?

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पहिल्याचे उत्तर पोलादाच्या तारेत आहे, तर दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी प्लाझ्मा नावाच्या पदार्थाच्या अवस्थेत आहे. हा प्लाझ्मा म्हणजे रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या वाटेतला अडसर. पण अडसर नीट मोजता आला की तोच माहिती देऊ लागतो. कल्याण, उटी आणि खोडद या तीन ठिकाणी भारतीय शास्त्रज्ञांनी साठ वर्षे हेच केले. त्याची हकीकत आपण येथे पाहणार आहोत.

पदार्थाची चौथी अवस्था

घन, द्रव आणि वायू या तीन अवस्था आपण प्राथमिक शाळेपासून शिकवतो. वायू खूप तापला, किंवा त्यावर अतिनील किरणांचा मारा झाला, की त्याच्या अणूंतील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. मागे धनभारित आयन राहतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी 'आयनद्रायू' असा शब्द आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी 'प्लाझ्मा' हे नाव १९२८ साली रूढ केले. सूर्य प्लाझ्माचा आहे, वीज चमकते ती वाट प्लाझ्माची असते, आणि वेल्डिंगची लखलखणारी ठिणगीही प्लाझ्माच असते.

आपल्या डोक्यावर साधारण शंभर ते काही शे किलोमीटर उंचीवर प्लाझ्माचा एक थर कायम असतो. त्याला आयनांबर म्हणतात. जुन्या पिढीतल्या वाचकांनी त्याचा उपयोग नकळत केलेला आहे. बिनाका गीतमाला ऐकायला रेडिओ सिलोन लावले, की शॉर्टवेव्हचे तरंग श्रीलंकेहून निघून आयनांबरावर आपटून परत खाली येत आणि जुन्नरच्या घराघरांतल्या रेडिओपर्यंत पोचत.

असे का होते? रेडिओ तरंग प्लाझ्मात शिरला की सुटे इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हलू लागतात. तरंगाची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांची संख्या, कमी असेल तर इलेक्ट्रॉनांना त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो आणि ते तरंगाला आत शिरू देत नाहीत. कंप्रता जास्त असेल तर इलेक्ट्रॉन मागे पडतात आणि तरंग पार जातो. या दोहोंमधल्या सीमेला प्लाझ्मा कंप्रता म्हणतात. तिचे सूत्र सोपे आहे. एका घन सेंटिमीटरमधील सुट्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याला ९ ने गुणा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येते. दुपारी आयनांबराच्या दाट भागात ही संख्या दहा लाखांच्या आसपास असते. दहा लाखांचे वर्गमूळ १,०००, म्हणजे प्लाझ्मा कंप्रता ९,००० किलोहर्ट्झ, अर्थात ९ मेगाहर्ट्झ. सरळ वर पाठवलेला याहून कमी कंप्रतेचा तरंग परत येतो. तिरपा पाठवला तर याहून जास्त कंप्रतेचाही परत येऊ शकतो.

याचा अर्थ असा की ताऱ्यांकडून येणारे कमी कंप्रतेचे तरंग आयनांबर बाहेरच्या बाहेर परतवून लावते. त्याहून जास्त कंप्रतेचे तरंग आत येतात, पण वाकडे होऊन, उशीर करून आणि थरथरत येतात. कंप्रता जितकी कमी, तितका हा त्रास जास्त.

कल्याणचा सूर्य

१९५२ साली सिडनीला रेडिओ विज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन तिला गेले होते. कृष्णन हे मूळचे घन पदार्थांचे अभ्यासक. रामन परिणामाच्या शोधात त्यांचा वाटा होता आणि स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवरचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांचे रेडिओ खगोलशास्त्र पाहून ते प्रभावित झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण सूक्ष्मतरंगांच्या मदतीने पदार्थांचे चुंबकीय गुणधर्म तपासण्याचे उपकरण उभारण्याच्या कामात होता. १९५३ साली स्वरूप सिडनीला गेले. घन पदार्थांच्या भौतिकीतून आकाशाकडे जाणारा रस्ता असा सुरू झाला.

सिडनीजवळ पॉट्स हिल येथे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांनी सूर्याचा वेध घेतला जात असे. त्या तबकड्यांचे तेथले काम संपत आले होते. स्वरूप यांच्या विनंतीवरून त्या भारताला देण्यात आल्या. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातून पीएच.डी. करून आणि डॉ. होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्या ३२ तबकड्या १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे उभ्या राहिल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे निरीक्षण करू लागल्या.

डोळ्यांना दिसणारा सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. त्याभोवतीचा विरळ किरीट मात्र दहा लाख अंशांहून अधिक तापलेला असतो. हा किरीट प्लाझ्माचा असल्याने वर सांगितलेला नियम त्यालाही लागू पडतो. सूर्याच्या जवळ प्लाझ्मा दाट, दूर तो विरळ. म्हणून जास्त कंप्रतेचे तरंग आतल्या थरांतून बाहेर पडू शकतात, कमी कंप्रतेचे फक्त बाहेरच्या थरांतून. रेडिओची कंप्रता बदलली की आपण सूर्याच्या वेगळ्या थराकडे पाहू लागतो. अडसराचा असा जिन्यासारखा उपयोग करता येतो, हे भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या पहिल्या पिढीने कल्याणला प्रत्यक्ष काम करून आत्मसात केले.

उटीच्या अकराशे तारा

पुढची दुर्बीण तमिळनाडूत उटीजवळ १९७० साली पुरी झाली. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. ज्या डोंगरउतारावर ती बांधली आहे त्याचा उतार सुमारे ११ अंश, म्हणजे तेथल्या अक्षांशाइतकाच आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि नुसती एका अक्षाभोवती फिरवून ती ताऱ्यामागे तासन्‌तास वळवता येते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचा परावर्तक. तो पत्र्याचा नाही. स्टेनलेस स्टीलच्या सुमारे १,१०० बारीक तारा शेजारीशेजारी ताणून तो केलेला आहे. उटीला तरंगलांबी सुमारे ९२ सेंटिमीटर आहे. तारांमधली फट या लांबीच्या मानाने फारच लहान असल्याने तरंगाला ती फट जाणवतच नाही. तारांचा पडदा त्याला अखंड आरशासारखाच वाटतो.

उटीला प्लाझ्माने आणखी एक रूप दाखवले. सूर्यापासून प्लाझ्माचा एक झोत सतत वाहत असतो. त्याला सौर वारा म्हणतात. दूरच्या लहान रेडिओ स्रोताकडून येणारे तरंग या वाऱ्यातून येताना लुकलुकतात. हवेमुळे तारे लुकलुकतात, तसाच हा प्रकार. या लुकलुकण्यावरून सौर वाऱ्याचा वेग काढता येतो, आणि उटीने ते काम वर्षानुवर्षे केले आहे.

खोडदच का?

१९८४ साली स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीटरभर लांबीच्या तरंगांसाठी एक महाकाय दुर्बीण बांधण्याची कल्पना मांडली. तेव्हा जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी सेंटिमीटर लांबीच्या तरंगांकडे वळल्या होत्या. मोठ्या शहरांतल्या रेडिओ गोंगाटामुळे आणि आयनांबराच्या त्रासामुळे मीटर तरंगांचा पट्टा मागे पडला होता. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या हायड्रोजनचे तरंग ताणले जाऊन याच पट्ट्यात सापडण्याची शक्यता होती, आणि पल्सार या पट्ट्यात प्रखर असतात. भारतात तुलनेने शांत जागा अजून मिळू शकत होती. १९८७ साली प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

जागा निवडताना प्लाझ्माचा विचार करावा लागला. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, थुंबाच्या परिसरातून जाते. त्याच्या आसपास आयनांबर सूर्यास्तानंतर विशेष खवळते. म्हणून तेथून पुरेसे उत्तरेला जायला हवे. पण फार उत्तरेला गेले तर दक्षिणेकडचे आकाश क्षितिजाखाली जाते. खोडदचा अक्षांश सुमारे १९ अंश ६ मिनिटे उत्तर आहे. आयनांबर बऱ्यापैकी शांत आणि दक्षिण आकाशाचाही मोठा भाग दिसतो, असा हा मधला मार्ग होता. शिवाय सभोवतालचे डोंगर मुंबई-पुण्याचा रेडिओ गोंगाट बराचसा अडवतात. याच भागात आर्वी येथे १९७१ साली उपग्रहांद्वारे दळणवळण करणारे विक्रम भूकेंद्र उभे राहिले होते. पुणे जवळ असल्याने तेथल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र स्थापन करणेही सोयीचे झाले.

सोळा गुंठ्यांची जाळी

आता मुलांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. खोडदच्या प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे १,५९० चौरस मीटर, म्हणजे जवळपास सोळा गुंठे भरते. तीस तबकड्या मिळून बारा एकरांच्या जवळ जातात. एवढे क्षेत्र पत्र्याने मढवले असते तर वाऱ्याच्या दाबाला तोंड देण्यासाठी अवाढव्य सांगाडा लागला असता, आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता.

यावर निघालेला तोडगा म्हणजे उटीच्या तारांचे पुढचे पाऊल होय. नळ्यांच्या सोळा अन्वस्ताकार चौकटी चाकाच्या आऱ्यांसारख्या उभ्या केल्या. त्यांच्यामध्ये पोलादी दोर ताणले आणि त्या दोरांवर स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी ओढून बसवली. या रचनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'स्मार्ट' म्हणतात. जाळीची तार फक्त ०.५५ मिलिमीटर जाडीची आहे. भोके मध्यभागी १० मिलिमीटरची आणि कडेकडे १५ व २० मिलिमीटरची आहेत. या दुर्बिणीने पकडायचा सर्वांत आखूड तरंग सुमारे २१ सेंटिमीटरचा. म्हणजे मोठ्यात मोठे भोकही त्याच्या दहाव्या हिश्श्याहून लहान आहे.

आता वाऱ्याचे गणित करू. १० मिलिमीटरच्या चौकोनात ०.५५ मिलिमीटरची तार आडवी आणि उभी धरली, तर तारेने झाकलेला भाग साधारण ११ टक्के येतो. २० मिलिमीटरच्या चौकोनात तो साडेपाच टक्केच राहतो. बाकी सगळा वारा आरपार जातो. रेडिओ तरंगाला जाळी भिंत वाटते, आणि वाऱ्याला ती उघडे दार वाटते. पदार्थ तोच, पण कोणाच्या मापाने पाहायचे त्यावर त्याचे वागणे ठरते. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून तारेवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार करते. एवढी बारीक तार मावळाच्या पावसात गंजून जाऊ नये यासाठी हा गुण मोलाचा ठरला.

तीसपैकी चौदा तबकड्या सुमारे एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या मध्यवर्ती भागात आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन हातांवर पूर्वेला, पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरल्या आहेत. दूरात दूर तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. सर्वांचे संदेश काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तेथे एकत्र केले जातात. त्यामुळे बारकावे टिपण्याच्या बाबतीत ही दुर्बीण २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच तबकडीसारखी वागते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली.

साडेसहा हजार वर्षांत दीड सेकंद

१०५४ साली चिनी ज्योतिर्विदांनी वृषभ राशीत एक 'पाहुणा तारा' पाहिला. तो ताऱ्याचा स्फोट होता. त्याच्या जागी आज खेकडा तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी एक पल्सार आहे. तो सेकंदाला सुमारे तीस वेळा गिरकी घेतो आणि प्रत्येक गिरकीला रेडिओ तरंगांचा झोत आपल्याकडे फेकतो. हे तरंग सुमारे ६,५०० वर्षे प्रवास करून येतात.

एका क्षणी निघालेले ६१० आणि ३२५ मेगाहर्ट्झचे तरंग आपल्याकडे एकाच क्षणी पोचतात का? नाही. वाटेत ताऱ्यांमधल्या पोकळीत अत्यंत विरळ प्लाझ्मा आहे. कमी कंप्रतेचा तरंग त्यात अधिक रेंगाळतो. येथे शिक्षकांनी एक मौज लक्षात आणून द्यावी. काचेच्या लोलकात जास्त कंप्रतेचा जांभळा रंग अधिक मंदावतो. प्लाझ्मात याच्या उलट होते. पण प्रकार तोच, त्याचे नाव अपस्करण.

हिशेब केला तर ६१० मेगाहर्ट्झचा तरंग प्लाझ्मामुळे ०.६३ सेकंद उशिरा येतो, आणि ३२५ मेगाहर्ट्झचा २.२३ सेकंद. दोहोंत सुमारे १.६ सेकंदांचा फरक. साडेसहा हजार वर्षांच्या वाटचालीत दीड सेकंदाचा उशीर! पण यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते निघते. सरासरी काढली तर दर ३५ घन सेंटिमीटरमागे एक इलेक्ट्रॉन, म्हणजे औषधाच्या एका लहान बाटलीएवढ्या जागेत एक. तेथे जाऊन मोजणे कोणालाच शक्य नव्हते. तरंगाच्या उशिराने ते सांगितले.

आयनांबराबाबतही हेच घडले. खोडदहून १५० मेगाहर्ट्झवर घेतलेल्या आकाशाच्या चित्रांत आयनांबरामुळे स्रोत जागचे हलल्यासारखे दिसत. प्रखर स्रोतांच्या या हालचालींवरूनच डोक्यावरच्या प्लाझ्माचे प्रारूप तयार करून चित्रे सुधारण्याची रीत विकसित झाली. २०१० ते २०१२ मध्ये केलेल्या वेधांवर ती वापरून जवळपास नव्वद टक्के आकाशाचा नकाशा तयार झाला. त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत आहेत.

अडसराची वजाबाकी

पुढे दुर्बिणीची अद्ययावत आवृत्ती तयार झाली. तारेची जाळी तीच राहिली, ग्राहक यंत्रणा बदलली. आता सुमारे १२० ते १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतचा बहुतेक पट्टा तिच्या आवाक्यात आला आहे.

याचा उपयोग एका अवघड कामासाठी झाला. अतिप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात, असे मानले जाते. त्यांचे एक आंदोलन पुरे व्हायला वर्षे लागतात. अशी लहर गेली तर पल्सारच्या ठोक्यांची वेळ अगदी किंचित पुढेमागे होते. पण वाटेतला प्लाझ्माही ठोक्याची वेळ बदलतो, आणि पृथ्वी व तारे हलत असल्याने तो बदल स्थिर नसतो. मग लहर कोणती आणि प्लाझ्मा कोणता हे कसे ओळखायचे? जेथे प्लाझ्माचा परिणाम सर्वांत मोठा, त्या कमी कंप्रतांवर तो मोजायचा आणि हिशेबातून वजा करायचा. खोडदची दुर्बीण नेमकी येथे कामी आली. २९ जून २०२३ रोजी युरोपीय आणि भारतीय पल्सार गटांनी, तसेच जगातील इतर गटांनी, अशा लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. ज्या पट्ट्याकडे त्रासदायक म्हणून दुर्लक्ष झाले होते, त्याच पट्ट्याने हा हिशेब नेटका केला.

शांततेची किंमत

ही हकीकत येथे संपवता आली असती. पण जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना तिची दुसरी बाजू ठाऊक आहे. ताऱ्यांकडून येणारे तरंग कमालीचे क्षीण असतात. विजेच्या तारेवर सैल जोडाशी उडणारी ठिणगी, वेल्डिंगचा धगधगाट, मोटारसायकलच्या प्लगमधली ठिणगी, हे सारे छोटे छोटे प्लाझ्माच आहेत आणि तेही रेडिओ तरंग फेकतात. मोबाईल आणि इतर प्रक्षेपणांची भर वेगळीच. म्हणून दुर्बिणीच्या परिसरात उद्योगांवर बंधने आली. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आखणी दुर्बिणीजवळून जात असल्याने तिलाही हरकत घेण्यात आली आणि मार्ग बदलण्याचा प्रश्न पुढे आला. ज्या घरातल्या मुलाला तालुक्यातच नोकरी हवी आहे, त्याला ही शांतता महाग वाटली तर ते समजण्यासारखे आहे.

आम्हाला वाटते, शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात टाळू नये. धरण बांधताना पाण्याचा हिशेब मांडला जातो, तसा येथे शांततेचा हिशेब मांडायला हवा. एकदा गोंगाट वाढला की दुर्बीण दुसरीकडे उचलून नेता येत नाही. आणि हेही खरे की देशासाठी राखलेल्या शांततेचा भार एकट्या दोन-चार तालुक्यांनी वाहावा, हे न्याय्य नाही. कोणती बंधने खरोखर आवश्यक आहेत, कोणती तंत्राने कमी करता येतील, आणि बदल्यात या भागाला काय मिळावे, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्यांना आहे. पण त्यासाठी दुर्बीण काय करते ते त्यांना आधी कळले पाहिजे.

वर्गात करून पाहण्यासारखे

जाळीचा गुण दाखवायला साधा ट्रान्झिस्टर पुरे. त्यावर आकाशवाणी लावा आणि तो सर्व बाजूंनी बंद अशा तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. आवाज क्षीण होईल, पण ट्रान्झिस्टर दिसत राहील. प्रकाश भोकांतून जातो, रेडिओ तरंग जात नाही. मग ट्रान्झिस्टर बाहेर काढून मिडीयम वेव्हवर दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि जवळचे विजेचे बटन उघडझाप करा. 'कट्' असा आवाज येईल. बटनात क्षणभर उडालेली ती ठिणगी, म्हणजे खोडदच्या शास्त्रज्ञांची डोकेदुखी होय.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी प्लाझ्मा कंप्रतेचे सूत्र वापरून पाहावे. रात्री आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची संख्या घन सेंटिमीटरला एक लाखावर आली, तर सीमा किती होईल? आणि ताऱ्यांमधल्या पोकळीसाठी, जेथे ही संख्या सुमारे ०.०३ आहे, ती किती? दुसरे उत्तर दीड किलोहर्ट्झच्या आसपास येईल. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि परिसरातल्या शाळा आपले प्रयोग घेऊन तेथे जातात. ही दोन उत्तरे वहीत काढून गेलेले विद्यार्थी तेथल्या शास्त्रज्ञांना 'यातून तारे कसे दिसतात' याच्या पुढचा प्रश्न विचारू शकतील.